तारीख नेमकी कुणाची?

वाचकांचे प्रश्न, कोर्टनाक्याच्या टेबलावरून उत्तरं

या वेळी निम्म्याहून अधिक पत्रं तारखांचीच आली, म्हणून हे पान सगळं तारखांना दिलं आहे. प्रिंटर आणि शाईवाल्यांनी महिनाभर दम धरावा. वाचण्याआधी एवढं लक्षात घ्या : संगणकाच्या लेखी छोटा एम आणि मोठा एम ही दोन वेगळी अक्षरं आहेत. मी 'मोठा' म्हटलं की शिफ्ट दाबून टाकायचा, 'छोटा' म्हटलं की न दाबता. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, कीबोर्डवर ती इंग्रजीतच टाकायची.

ताई, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीचा मी वर्डमध्ये साचा करून ठेवला आहे. तारीख आपोआप यावी म्हणून ती 'इन्सर्ट'मधून घातली. नोटीस वेळेत लावली, सभाही झाली. पुढे एका सभासदाने तक्रार केली, म्हणून निबंधक कार्यालयात द्यायला प्रत काढली तर तिच्यावर त्या दिवसाची तारीख! सभा आधी आणि नोटीस नंतर, असा कागद घेऊन मी कुठे जाऊ?
— एक मानद सचिव, खारघर

सचिवसाहेब, आधी कपाट उघडा. नोटीस फलकावर लावली तेव्हाची सहीशिक्क्याची ऑफिस कॉपी आणि सभासदांच्या पोचेच्या सह्या, हा तुमचा कागद. वर्डची फाइल कुणीही कधीही बदलू शकतो, तिच्या जिवावर कुणापुढे उभे राहू नका.

आता फाइल का फिरली ते. 'डेट अँड टाइम'ची खिडकी उघडलीत की खाली 'अपडेट ऑटोमॅटिकली' असा चौकोन असतो. तुम्ही त्यात टिक केलीत. टिक नसती तर वर्डने त्या दिवसाची तारीख साध्या अक्षरांत लिहून दिली असती आणि विषय संपला असता. टिक केल्यावर तो तारीख लिहीत नाही, 'डेट' नावाचं फील्ड बसवतो. फाइल उघडा, छापा, ते फील्ड संगणकाचं कॅलेंडर बघून आजची तारीख दाखवणार. घड्याळाचा फोटो लावायचा होता, तुम्ही घड्याळच टांगलंत.

नोटिशीत तीन तारखा फिरत असतात : आजची, नोटिशीची आणि सभेची. साचा करणाऱ्याने आधी हे ठरवायचं की या जागेवर कुठली हवी आहे. तुम्हाला हवी होती दुसरी, वर्डला तुम्ही विचारलीत पहिली. त्याने विचारल्याचं उत्तर दिलं.

आल्ट आणि एफ९ एकत्र दाबा. (लॅपटॉपवर बहुतेक वेळा सोबत एफएनही धरावं लागतं. 'ताई, काहीच होत नाही' म्हणून येणाऱ्यांतल्या निम्म्यांचं दुखणं हेच असतं.) तारखेच्या जागी महिरपी कंसात 'डेट' हा शब्द दिसेल. तो खोडून तिथे 'क्रिएटडेट' लिहा, मध्ये जागा न सोडता. कर्सर तिथेच ठेवून एफ९ दाबा, म्हणजे फील्ड ताजं होईल, आणि पुन्हा आल्ट-एफ९ दाबून बाहेर या. क्रिएटडेट म्हणजे ही फाइल तयार झाली तो दिवस. 'सेव्हडेट' आणि 'प्रिंटडेट' अशी आणखी दोन भावंडं आहेत, पण सेव्हडेट प्रत्येक सेव्हला आणि प्रिंटडेट प्रत्येक छपाईला सरकणार. नोटिशीला ती नकोत.

मात्र क्रिएटडेटला साचा खरा साचा लागतो. म्हणजे 'सेव्ह ॲज' करताना प्रकार 'वर्ड टेम्प्लेट' निवडायचा, फाइलच्या नावामागे डॉटएक्स (.dotx) लागतं. तिच्यावर डबल क्लिक केलं की साचा उघडत नाही, त्यावरून नवी कोरी फाइल निघते आणि तिचा जन्मदिवस आजचा असतो. आपल्याकडे रीत अशी की गेल्या वर्षीची नोटीस उघडायची, तिच्यातच खाडाखोड करायची आणि सेव्ह म्हणायचं. मग क्रिएटडेट गेल्या वर्षीचीच राहणार. यात वर्डला बोल लावता येत नाही.

सही झाली की शेवटचा सोपस्कार. कंट्रोल-ए करून सगळा मजकूर निवडा आणि कंट्रोल, शिफ्ट, एफ९ एकत्र दाबा. सगळी फील्डं साधी अक्षरं होतात, पुढे काही हलत नाही. लेटरहेडवरची तारीख हेडरमध्ये असेल तर हेडरमध्ये जाऊन हे पुन्हा करायचं, कारण कंट्रोल-ए हेडरपर्यंत पोचत नाही. त्यानंतर पीडीएफ काढा आणि ती जपून ठेवा.

एवढं करताय तर सभेच्या तारखेचाही बंदोबस्त करून टाका. नोटिशीच्या विषयात ती असते, पहिल्या परिच्छेदात असते, गणपूर्ती झाली नाही तर त्याच दिवशी तहकूब सभा घेण्याच्या ओळीत असते, खाली पोचेच्या चिठ्ठीत असते. चार ठिकाणी हाताने बदलायची म्हटली की तीन ठिकाणी बदलते. तिला एकदाच वर नाव द्या. नोटिशीच्या अगदी सुरुवातीला कंट्रोल-एफ९ दाबा. फील्डचे कंस असेच आणायचे असतात, कीबोर्डवरचे महिरपी कंस हाताने टाकले तर वर्ड त्यांना शोभेची अक्षरं समजतो. त्या कंसात लिहा : आस्क, मग एक जागा, मग तुमचं नाव, समजा 'सभादिन', मग दुहेरी अवतरणात प्रश्न, "सभेची तारीख काय?". आता जिथे जिथे सभेची तारीख हवी तिथे कंट्रोल-एफ९ आणि कंसात 'रेफ सभादिन'. कंट्रोल-ए, एफ९ केलं की वर्ड प्रश्न विचारेल, तुम्ही एकदा उत्तर द्याल, चारही जागा भरतील. आस्क मात्र रेफच्या आधी, वरच असायला हवं. वर्ड वरून खाली वाचत येतो, खाली ठेवलेलं नाव त्याला वर ठाऊक नसतं. उत्तर दर वेळी विचारायला नको, साच्यातच कायम ठेवायचं असेल, उदाहरणार्थ सोसायटीचा नोंदणी क्रमांक, तर आस्कच्या जागी 'सेट' वापरा आणि प्रश्नाच्या जागी किंमत लिहा.

नाव ठेवताना इंग्रजी अक्षरांत ठेवा, अक्षराने सुरू करा, मध्ये जागा सोडू नका, आणि नुसतं 'डेट' असं ठेवू नका. ते वर्डच्या फील्डचंच नाव आहे, पुन्हा घोळ.

तारखेचं रूप ठरवायला रेफ सभादिनच्या पुढे उलटी तिरकी रेघ, @ चिन्ह आणि दुहेरी अवतरणात नमुना. छोटा डी एकदा टाकला तर ६, दोनदा टाकला तर ०६, तीनदा टाकला तर वाराचं छोटं रूप, चारदा टाकला तर पूर्ण वार. मोठा एम दोनदा टाकला तर ०९, चारदा टाकला तर महिन्याचं पूर्ण नाव. छोटा वाय चारदा, पूर्ण वर्ष. महिना इंग्रजीत आला तर ते पूर्ण फील्ड निवडून 'रिव्ह्यू'मधून भाषा मराठी करा आणि एफ९ दाबा, 'सप्टेंबर' दिसेल. आणि वर्डने प्रश्न विचारला की उत्तरात महिना अक्षरांत टाका, २१ सेप २०२५ असा, इंग्रजीत. ०९/०६ असं टाकलंत तर तो सहा सप्टेंबर समजेल की नऊ जून, हे त्या संगणकाच्या सेटिंगवर अवलंबून.

राहता राहिले दिवस मोजणं. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला पूर्ण ५. 'पूर्ण' म्हणजे नोटिशीचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही धरायचा नाही. मागच्या वर्षी २१ सप्टेंबरच्या रविवारी सभा घ्यायची होती असं धरा. मधले चौदा दिवस ७ ते २० सप्टेंबर, म्हणजे नोटीस उशिरात उशिरा ६ तारखेला हातात पडायला हवी. आणि ६ सप्टेंबर २०२५ ला होती अनंत चतुर्दशी! त्या दिवशी सभासदांच्या सह्या घेत कोण फिरणार होतं? सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे गणपती आणि नोटीस यांची गाठ बऱ्याच वर्षी पडते. ही वजाबाकी वर्डच्या फील्डात करता येते, पण तिचं सूत्र अर्धं पान भरतं. एक्सेलमध्ये बी२ या चौकटीत सभेची तारीख टाका, शेजारी लिहा

=बी२-१५

आणि आलेली तारीख दिनदर्शिकेवर बघून घ्या.

मॅडम, आमच्या ऑफिसातून थकबाकीची स्मरणपत्रं मेल मर्जने, म्हणजे एक्सेलच्या यादीवरून वर्डच्या पत्रात नावं-आकडे आपोआप भरून, जातात. एक्सेलमध्ये बिलाची तारीख ०४/०७/२०२५ दिसते, पत्रात मात्र ७/४/२०२५ छापून येते. पार्टी म्हणते, एप्रिलचं बिल आम्ही कधीच भरलं. एकाने सांगितलं म्हणून कोडमध्ये बदल केला तर ०४/००/२०२५ यायला लागलं. शून्यावा महिना!
— ट्रान्सपोर्ट ऑफिसातली एक कर्मचारी, तुर्भे

आधी शून्याव्या महिन्याचं सांगते, कारण तो सोपा आहे. तुम्ही छोटा एम टाकलात. वर्डमध्ये छोटा एम म्हणजे मिनिटं, मोठा एम म्हणजे महिना. बिलाच्या तारखेला वेळ जोडलेली नव्हती, म्हणजे वेळ रात्री बारा, म्हणजे मिनिटं शून्य.

आता जुलैचा एप्रिल कसा झाला ते. एक्सेल तारीख तारीख म्हणून ठेवतच नाही. १ जानेवारी १९०० ला १ धरून तो पुढे दिवस मोजत जातो. महाराष्ट्र राज्य झालं तो १ मे १९६० हा दिवस त्याच्या वहीत २२०३७ आहे, तुमची ४ जुलै २०२५ आहे ४५८४२. चौकटीत जे दिसतं ते त्या आकड्यावर चढवलेलं रूप. मेल मर्ज करताना वर्डकडे तारीख येते, तुम्ही चढवलेलं रूप एक्सेलमध्येच राहतं, आणि वर्ड स्वतःच्या सवयीने अमेरिकन पद्धत वापरतो : आधी महिना, मग दिवस. तुमच्या पत्रातलं ७/४ म्हणजे सातव्या महिन्याची चार तारीख. तारीख बरोबरच होती, पार्टीने आपल्या पद्धतीने वाचली आणि तिच्या सोयीचंही तेच होतं.

उपाय : पत्रात आल्ट-एफ९ दाबा. 'मर्जफील्ड' आणि पुढे तुमच्या रकान्याचं नाव दिसेल. त्यापुढे, कंस संपायच्या आत, उलटी तिरकी रेघ, @, आणि अवतरणात एक छोटा डी, जागा, चार मोठे एम, जागा, चार छोटे वाय. पत्रात '४ जुलै २०२५' अशी अक्षरी महिन्याची तारीख येईल. पैशाच्या कागदावर महिना आकड्यात लिहूच नये या मताची मी आहे. तिरक्या रेघांमधली तारीख ज्याला पैसे द्यायचे नाहीत तो आपल्या फायद्याने वाचतो.

हे करूनही काही पत्रं चुकली तर दोष एक्सेलच्या यादीत आहे. बँकेतून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून यादी उतरवून घेतलेली असते आणि संगणक अमेरिकन सेटिंगवर असतो. मग १२ तारखेपर्यंतचे दिवस तो महिने समजून उलटे घेतो, आणि १३ पासून पुढे त्याला अर्थच लागत नाही, म्हणून ती तारीख तो साधा मजकूर म्हणून सोडून देतो. ओळखायचं कसं? रकाना रुंद करा. खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर झालेल्या डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसले की समजा, उजवीकडच्यांचे दिवस-महिने उलटे झाले आहेत. त्या हाताने दुरुस्त करत बसू नका. मूळ यादी नव्याने घ्या, तारखांचा रकाना आधी 'टेक्स्ट' म्हणून आत आणा, मग 'डेटा'मधल्या 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये तिसऱ्या पायरीला 'डेट' निवडून शेजारी 'डीएमवाय' करा. आणि ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवर विंडोजचं रीजनल सेटिंग 'इंग्लिश, इंडिया' करून टाका.

लिव्ह अँड लायसन्सचे करार करतो. अकरा महिने म्हणून सुरुवातीच्या तारखेत ३३० मिळवतो. एका घरमालकाने शेवटची तारीख चुकीची म्हणून करार परत पाठवला.
— एक एजंट, ऐरोली

घरमालकाचं बरोबर आहे. १ जुलै २०२५ मध्ये ३३० दिवस मिळवले की २७ मे २०२६ येते. सगळे महिने तीस दिवसांचे असते तर तुमचं जमलं असतं. एक्सेलमध्ये

=ईडेट(बी२,११)-१

असं लिहा. ईडेट अकरा महिने पुढे नेऊन १ जून देतं, त्यातून एक दिवस कमी करून ३१ मे. तो उणे एक बरेच जण विसरतात आणि भाडेकरूला एक दिवस फुकट राहू देतात. चौकटीत ४६१७३ असा आकडा दिसला तर घाबरू नका, चौकटीचं फॉरमॅट 'डेट' करा. महिन्याच्या ३१ तारखेला करार सुरू करायचं शक्यतो टाळा. ३१ मार्चपासून अकरा महिने गेले की फेब्रुवारी येतो, त्याला ३१ नाही, मग ईडेट २८ वर थांबतं, आपण वर एक वजा करतो, आणि नेमका शेवटचा दिवस कुठला यावर दोन्ही पक्ष तुमच्या टेबलावर भांडतात.

जाता जाता : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. आणि ती जबाबदारी घरमालकाची. 'अकरा महिन्यांचं काय, नोटरी चालते' असं अजूनही सांगणारे कोर्टनाक्यावर भेटतात. चालत नाही.

पावतीवर आर्थिक वर्ष आपोआप यावं. आत्ता दर एप्रिलमध्ये विसरतो.
— एक दुकानदार, कळवा

पावतीची तारीख बी२ मध्ये आहे असं धरून :

=इयर(ईडेट(बी२,-३))

तारीख तीन महिने मागे नेली की १ एप्रिलचा १ जानेवारी होतो आणि ३१ मार्चचा ३१ डिसेंबर, म्हणजे आर्थिक वर्षाचा पहिला आकडा आपसूक मिळतो. त्यात एक मिळवून दुसरा.

काकू, मी महाप्याच्या एका कंपनीत ट्रेनी आहे. कर्मचाऱ्यांची पत्रं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि जिंजा (तिच्यातलं साचे भरायचं साधन) यांच्या साच्यातून काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. तारखेत महिन्याच्या जागी कधी ४७ येतं, कधी १२. टीममधले सिनियर म्हणतात, जुन्या जावाच्या साच्यात हाच नमुना नीट चालायचा.
— घणसोलीहून एक वाचक

चालत असणारच. वर्ड आणि जावात मोठा एम महिना आणि छोटा एम मिनिटं. पायथनच्या एसटीआरएफटाइममध्ये, म्हणजे तारखेला रूप देणाऱ्या आज्ञेत, नेमकं उलटं : टक्क्याच्या चिन्हापुढे छोटा एम हा महिना, मोठा एम ही मिनिटं. म्हणजे तुझं ४७ हे अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांतलं सत्तेचाळीस. मी दुकान टाकण्याआधी महाप्यालाच साचे सांभाळायचं काम करत होते. ही चूक तपासणीत सापडत नाही, कारण जुलैत, कुठल्याही तासाला सात मिनिटांनी पत्र काढलं तर ०७ बरोबरच दिसतं. म्हणून साचा तपासायला आजची तारीख कधी घेऊ नकोस. २५ नोव्हेंबर २०२४, १७ वाजून ४२ मिनिटं ८ सेकंद अशी घे. सहाही आकडे वेगळे आहेत, दिवस बारापेक्षा मोठा आहे, तास दुपारनंतरचा आहे. कुठलाही आकडा दुसऱ्याच्या जागी बसला की लगेच दिसतो.

जावाचे साचे पायथनमध्ये आणताना त्यांच्यातही एकदा डोकाव. तिथे मोठा वाय हा आठवड्याच्या हिशेबाचं वर्ष देतो. ३० डिसेंबर २०२४ चा सोमवार ज्या आठवड्यात पडतो त्या आठवड्यातच १ जानेवारी येते, म्हणून मोठ्या वायने ३० डिसेंबर २०२५ छापलं जातं. वर्षाचे ३६० दिवस सगळं सुरळीत, आणि नेमकं वर्षअखेरीला राजीनामा देणाऱ्याचं रिलीव्हिंग लेटर पुढच्या वर्षाचं. छोटा वाय वापरायचा. आणि मोठा डी हा वर्षातला कितवा दिवस ते सांगतो, २५ नोव्हेंबर २०२४ ला ३३०.

साच्यात 'आत्ता'ची तारीख तीन ठिकाणी मागितलेली दिसली तर तिन्ही काढून टाक. पत्राची तारीख एकदाच, कोडमध्ये ठरव, तिला नाव दे आणि ते नाव साच्याकडे पाठव. साच्याने फक्त रूप द्यावं. सहा महिन्यांनी कुणी तेच पत्र पुन्हा काढायला सांगितलं तर त्यावर मूळ तारीखच यायला हवी, हे तेव्हाच जमतं. जिंजाला एखादं नाव ठाऊक नसेल तर तो तक्रार करत नाही, तिथे मोकळी जागा सोडून पुढे जातो आणि पत्र 'प्रिय ,' असं सुरू होतं. 'स्ट्रिक्टअनडिफाइन्ड' लाव, मग तो ओरडून थांबेल. फॉर लूपच्या आत 'सेट' केलेली किंमत लूपबाहेर टिकत नाही, एकूण बेरीज करायची असेल तर 'नेमस्पेस' घे.

शेवटचं, आणि यात खरे पैसे अडकतात. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला रात्री सव्वाबाराला निघालेली पावती सर्व्हरच्या हिशेबाने ३१ मार्चची, संध्याकाळी पावणेसातची. एक दिवस नव्हे, अख्खं आर्थिक वर्ष बदललं. हिशेबनीस ते जूनमध्ये शोधतो आणि तुला सोडत नाही. वेळ यूटीसीत साठव, पण छापण्याआधी 'एशिया/कोलकाता' या नावाने फिरवून घे. 'आयएसटी' ही तीन अक्षरं तिथे लिहू नकोस, आयर्लंड आणि इस्राएललाही तीच अक्षरं लागतात.

आमच्या मंडळाच्या निमंत्रणात वेळ 'पीएम' अशी येते. मराठी निमंत्रणात ते बरं दिसत नाही. 'सायंकाळी ६.३०' असं आपोआप येईल का?
— सांस्कृतिक मंडळाच्या एक कार्यकर्त्या, नौपाडा

येईल, थोडी खटपट आहे. कार्यक्रमाची वेळ वर आस्कने विचारा, नाव समजा 'वेळ', इंग्रजी अक्षरांत. उत्तरात १८:३० असं चोवीस तासांचं टाका. आता 'इफ' नावाचं फील्ड. कंट्रोल-एफ९, त्यात इफ, मग पुन्हा कंट्रोल-एफ९ करून आतल्या कंसात रेफ वेळ, उलटी तिरकी रेघ, @, अवतरणात एकच मोठा एच. मोठा एच चोवीस तासांचा तास देतो, इथे १८. आतल्या कंसाबाहेर < १२, मग अवतरणात "सकाळी", आणि त्यापुढे नाहीतरचा भाग. तिथे तसंच दुसरं इफ : १६ च्या आत "दुपारी", मग तिसरं : २० च्या आत "सायंकाळी", नाहीतर "रात्री". चिन्हांच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायला विसरू नका, नाहीतर वर्ड रुसतो. त्यापुढे वेळेचे आकडे : छोटा एच, टिंब, दोन छोटे एम. छोटा एच बारा तासांचा, म्हणजे ६.३०.

छोटा एच वापरून पुढे सकाळ-सायंकाळ काहीच न लिहिणं ही सगळ्यात वाईट तऱ्हा. नाटकाला लोक येतात, पण दवाखान्याच्या कागदावर '८.०० वाजता' एवढंच असलं की घरचे फोन करत बसतात.

शाळेत वर्डऐवजी लिब्रेऑफिस आहे. त्यात हे आस्क, सेट दिसत नाही.
— शाळेचे एक लिपिक, बेलापूर

कंट्रोल-एफ२ दाबा, 'व्हेरिएबल्स' असा भाग दिसेल. दाखल्यावर विद्यार्थ्याचं नाव सगळीकडे एकच असतं, तेव्हा 'यूजर फील्ड' घ्या. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. 'सेट व्हेरिएबल' वेगळं : त्याची किंमत मध्येच बदलता येते आणि ती तिथून खाली लागू होते, वरचं तसंच राहतं. एकाच फाइलीत वर्गवार याद्या असतील तर ते उपयोगी. तारखेला 'फिक्स्ड' हा पर्याय निवडा, नाहीतर खारघरच्या सचिवांसारखी गत.

लग्नपत्रिकेत तारखेवरून तिथी आपोआप येईल का?
— एक आजी, ठाणे पश्चिम

नाही आजी. तिथी चंद्र-सूर्यावर चालते, कधी क्षय होते, कधी दोन दिवस राहते, आणि वर्डला यातलं काही कळत नाही. पंचांगात बघून हातानेच लिहा. शालिवाहन शक तेवढा काढता येईल : गुढीपाडव्यानंतरच्या तारखेला इसवी सनातून ७८ वजा करा, जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. डिसेंबर २०२५ मधलं लग्न शके १९४७, आणि फेब्रुवारी २०२६ मधलंही १९४७च. पत्रिका छापणारे इथे हमखास १९४८ लावतात, प्रूफ आलं की तेवढं बघून घ्या.